साहेब प्रामाणिक आहेत, पण पोहोच मिळते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवे साहेब रुजू झाले की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘माणूस कसा आहे? घेतो का?’ ‘अजिबात नाही’ असे उत्तर आले की लोकांना हायसे वाटते. आम्हाला या प्रश्नातच खोट दिसते. स्वतः दमडीला हात न लावणारा अधिकारी वरच्या मजल्यावर आणि अर्जाची पोहोच द्यायला टाळाटाळ करणारी खिडकी तळमजल्यावर, असा संसार वर्षानुवर्षे बिनबोभाट चालू शकतो. पूर्व भागातला यंत्रमाग कामगार, विडी वळणारी बाई, अक्कलकोटकडचा शेतकरी यांची साहेबांशी गाठ क्वचितच पडते. त्यांची गाठ बारनिशीशी, म्हणजे टपाल-अर्ज स्वीकारणाऱ्या आवक-जावक टेबलाशी पडते. सरकारवर विश्वास बसायचा की उडायचा ते तिथे ठरते. म्हणून सचोटीच्या नेतृत्वाबद्दल बोलताना आवक शिक्क्यापासून सुरुवात केलेली बरी.

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मिळायला हवा. कामाला अर्धे मिनिट लागते. तरीही ‘ठेवून जा, साहेबांना दाखवतो’ हे वाक्य का ऐकू येते? क्रमांक पडला की घड्याळ सुरू होते म्हणून. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित (यादीत जाहीर केलेल्या) सेवेची मुदत परिपूर्ण अर्ज पदनिर्देशित (ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याकडे आला त्या दिवसापासून मोजतात. ज्याला क्रमांकच नाही तो अर्ज कायद्याच्या लेखी जन्माला आलेला नसतो. त्याला उशीर होत नाही आणि तो हरवला असे म्हणण्याचीही सोय नसते. दलालाचा धंदा याच फटीत उभा राहतो. लोकांना वाटते तो वशिला विकतो. बहुतेक वेळा तो ‘तुमचा कागद अमुक टेबलावर आहे’ एवढीच माहिती विकत असतो, आणि ती फुकट मिळायला हवी होती.

पोहोच नाकारली तर वाद घालू नये. तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी. पोचल्याची तारीख टपाल खात्याकडे राहते, ती कोणाला खोडता येत नाही.

आता मघाच्या ‘परिपूर्ण’ या शब्दाकडे वळू. सगळी मेख त्यातच आहे. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत १५ दिवसांची. तेराव्या-चौदाव्या दिवशी अर्ज ‘कागदपत्र अस्पष्ट’ असा शेरा मारून परत येतो. माणूस पुन्हा सेतूत जातो, कागद नव्याने चढवतो. मग ‘रेशनकार्डावरील नाव जुळत नाही’ असा शेरा येतो, आणि तेही झाले की ‘स्वयंघोषणापत्र जोडावे’. प्रत्येक वेळी मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. दीड महिन्याने दाखला हाती पडतो आणि तरीही मासिक अहवालात त्या टेबलावर मुदतीबाहेरचा एकही अर्ज दिसत नाही. आकडा खोटा नसतो, फक्त त्याने मोजायची गोष्ट मोजलेली नसते. सगळ्या त्रुटी एकाच वेळी, एकाच पत्रात आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत कळवल्या पाहिजेत. दुसऱ्यांदा काढलेली त्रुटी पहिल्या दिवशी दिसत का नव्हती, याचे कारण कारकुनाने टिपणीवर लिहावे. हा एक नियम अधिकाऱ्याने पाळायला लावला तर दाखल्यांच्या खिडकीवरची निम्मी कुरबुर थांबेल असे आमचे मत आहे.

कार्यालयांची घडी बसवण्याचे प्रयत्न महाराष्ट्राला नवे नाहीत. १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना यांनी नगर जिल्ह्यात जिल्हाधिकारी असताना बसवलेली पद्धत ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. २०१७ मध्ये विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी पुणे विभागात, म्हणजे आपल्या जिल्ह्यातही, ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’, म्हणजे काही तुंबू न देता रोजचे काम रोज निकाली काढणे, राबवले. त्या वेळी सहा गठ्ठा पद्धतीचा बराच बोलबाला झाला. टेबलावरच्या सगळ्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके (ठरावीक काळाने पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. पद्धत साधी आणि उत्तम आहे. मात्र तपासणीला येणारे वरिष्ठ ‘प्रलंबित’चा गठ्ठा उघडतात आणि तो बारीक दिसला की खूश होऊन जातात. उघडायचा असतो ‘प्रतीक्षाधीन’चा. दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहणारी प्रकरणे तिथे असतात. नको असलेले प्रकरण लपवायला याहून सुरक्षित जागा दफ्तरात नाही. तालुक्याला एक पत्र टाकायचे आणि दर महिन्याला त्याच मजकुराचे स्मरणपत्र धाडायचे. ‘स्मरणपत्र क्र. ६’ दिसले की समजावे, काम चालू असल्याचा देखावा चालू आहे. शहाणा अधिकारी तिसऱ्या स्मरणपत्राआधी समोरच्या कार्यालयातल्या माणसाला फोन लावतो आणि काय ठरले ते तारखेसह टिपणीवर लिहून ठेवतो.

ज्याला सगळे ‘दप्तर दिरंगाईचा कायदा’ म्हणतात तो बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम १ जुलै २००६ पासून लागू आहे. त्याचे कलम १० प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवे. साधारणपणे कोणतीही फाईल एका माणसाकडे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त राहू नये. अत्यंत तातडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आणि तातडीची चार दिवसांत निघावी. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हावा, पाठवायची असेल तर तीन महिन्यांत. निर्णयाचे अधिकार खाली सोपवून फाईल सादर होण्याचे टप्पे तीनवर आणावेत, असेही हाच कायदा सांगतो. प्रत्यक्षात साध्या परवानगीच्या टिपणीवर पाच-पाच, सहा-सहा सह्या दिसतात. इतक्या सह्या असल्या की चुकीची जबाबदारी कोणाचीच राहत नाही, हा त्यांचा खरा उपयोग.

सात दिवसांच्या नियमाला बगल कशी देतात तेही वाचकांना ठाऊक असावे. ‘कृपया चर्चा करावी’ हा त्यातला राजमान्य शेरा. फाईल खाली येते, म्हणजे साहेबांच्या टेबलावर ती प्रलंबित राहत नाही. चर्चा कधी झाली, कोणात झाली, काय ठरले याची मात्र कागदावर ओळ नसते. दुसरा शेरा ‘वरिष्ठांचे मार्गदर्शन मागवावे’. शासन निर्णय सुस्पष्ट असताना मागवलेले मार्गदर्शन म्हणजे भीती किंवा आमिष, या दोहोंपैकी एक काहीतरी असते. ‘चर्चा’ हा शेरा सरसकट वाईट नाही. गुंतागुंतीच्या प्रकरणात समोरासमोर बोलणे लागतेच. पण मग शेऱ्याखाली चर्चेची तारीख टाका आणि चर्चा झाल्यावर ‘चर्चेनुसार असे ठरले’ हे दोन ओळींत लिहा.

लिहिणे हाच सगळ्या विषयाचा गाभा आहे. नियमबाह्य काम करवून घेणारा कोणी ‘नियम मोडा’ असे लिहून देत नाही. तो फोन करतो किंवा ‘बघून घ्या जरा’ म्हणतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम ३ सांगतो की वरिष्ठांचे निर्देश शक्यतो लेखी घ्यावेत आणि तोंडी मिळाले तर नंतर लेखी पुष्टी घ्यावी. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम आणि इतरांनी दाखल केलेल्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले, की तोंडी आदेशांवर कारभार हाकू नका, आदेशाची नोंद करा. व्यवहारात हे असे करतात. कारकून टिपणीत ‘मा. महोदयांनी दि. अमुक रोजी दिलेल्या तोंडी निर्देशानुसार पुढील प्रस्ताव सादर’ असे लिहितो आणि फाईल पुष्टीसाठी वर जाते. निर्देश सरळ असेल तर साहेब सही करतात. वाकडा असेल तर फाईल अंगावर भिरकावली जाते, ‘हे वाक्य काढा’ असा हुकूम सुटतो आणि पुढच्या मे महिन्यातल्या बदल्यांत त्या कारकुनाचे टेबल बदलते. अधिकारी नैतिक आहे की नाही हे ओळखायला आमच्या मते हे एक वाक्य पुरे आहे. त्याचा ज्याला राग येत नाही त्याच्या हाताखाली माणसे निर्धास्तपणे खरे लिहितात.

बदल्यांबद्दल थोडक्यात. त्याच २००५ च्या कायद्यात भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्यांसह अ, ब आणि क गटांचा एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षे धरला आहे. तुकाराम मुंढे २०१४ च्या अखेरीस सोलापूरचे जिल्हाधिकारी झाले आणि २०१६ मध्ये त्यांची बदली झाली. त्यांच्या कार्यशैलीबद्दल गावात आजही दोन मते आहेत, पण तीन वर्षे भरली नाहीत यावर दुमत होण्याचे कारण नाही. कडक अधिकारी गेला की लोक हळहळतात. आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, तो असताना सुरू झालेली नोंदवही तो गेल्यावरही भरली जाते का. भरली जात नसेल तर शिस्त त्याच्या खुर्चीला चिकटलेली होती, कार्यालयाला लागलेली नव्हती.

लोकसेवा हक्क कायद्यात अपिलाची तरतूद चांगली आहे. मुदत संपल्यावर किंवा अर्ज फेटाळल्यावर ३० दिवसांत पहिले अपील करता येते आणि त्यावर ३० दिवसांत निर्णय व्हायला हवा. दुसऱ्या अपिलाचा निर्णय ४५ दिवसांत आणि तिसरे अपील थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. आपल्या जिल्ह्यासाठी ते पुण्याच्या आयुक्तांपुढे चालते. पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. एवढे असून लोक अपील का करत नाहीत? अपील करायला फेटाळल्याचा कागद लागतो असे त्यांना वाटते, आणि फेटाळणे तोंडी होते, ‘होणार नाही हो तुमचे’ असे. शिवाय पहिला अपिलीय अधिकारी त्याच इमारतीत, बहुधा शेजारच्याच दालनात बसतो आणि रोज दुपारचा चहा दोघांचा एकत्र असतो. कार्यालयात सेवांची यादी, मुदत आणि अधिकाऱ्यांची नावे असलेला फलक लावणे कायद्याने बंधनकारक आहे. अनेक ठिकाणी तो कपाटाआड असतो, किंवा त्यावरचे अपिलीय अधिकारी केव्हाच बदलून गेलेले असतात. आमचा सल्ला असा की फेटाळल्याचे पत्र मिळाले नाही तरी थांबू नये. मुदत उलटून गेली हेच अपिलाचे कारण पुरेसे आहे. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून घरबसल्या अपील टाकता येते.

लाचेच्या सापळ्याची बातमी आपल्या अंकात अधूनमधून येतेच. त्यामागची रीत लोकांना नीट ठाऊक नसते, म्हणून तक्रारीला माणूस कचरतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर फोन केल्यावर लगेच धाड पडत नाही. आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, संभाषण ध्वनिमुद्रित केले जाते आणि मागणी सिद्ध झाली तरच सापळा लागतो. नोटांना पूड लावलेली असते. ती घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होते. सापळ्यातले पैसे तक्रारदाराला सरकारकडून परत मिळतात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवले तर त्याला संरक्षण आहे. ही सात दिवसांची अट फार थोड्यांना माहीत आहे.

विश्वास खरा तुटतो तो सापळ्यानंतर. पकडलेला माणूस काही महिन्यांनी पुन्हा खुर्चीत दिसतो आणि लोक म्हणतात, ‘कुंपणच शेत खातंय.’ कारण बहुधा कागदी असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानुसार ९० दिवसांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही. ते वेळेत तयार करणे विभागप्रमुखाचे काम आहे. ‘न्यायालयात खटला चालू आहे, निकाल लागू द्या’ ही सबब टिकणारी नाही. विभागीय चौकशी आणि फौजदारी खटला एकाच वेळी चालू शकतात, दोन्हीकडे पुराव्याची पट्टीही वेगळी असते. स्वच्छ म्हणवणाऱ्या साहेबाने सही न करता ठेवलेले दोषारोपपत्र लाच घेणाऱ्याला वकिलापेक्षा जास्त उपयोगी पडते.

आता सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याचा विषय, पाणी. चार-पाच दिवसांआड नळ येणे इथल्या कित्येक घरांनी वर्षानुवर्षे सोसले आहे. उजनी धरण शंभरावर किलोमीटर दूर आहे, जलवाहिनी फुटते, पंपाची वीज जाते, टाक्या भरत नाहीत हे लोकांना कळते. सात-आठ तास उपसा थांबला की टाक्यांचे वेळापत्रक घसरते आणि एका भागाची पाळी पुढे गेली की पाठोपाठ सगळ्यांची जाते, हेही कळते. कळत नाही ते इतकेच, की आज येणार की उद्या. मग चावीवाल्याला, म्हणजे भागाचे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला गाठावे लागते. तो एकाला ‘रात्री दोनला’ म्हणतो, दुसऱ्याला ‘पहाटे’, आणि शेजारच्या गल्लीत आधी पाणी आले की ‘नगरसेवकाची गल्ली’ अशी कुजबुज सुरू होते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपून प्रशासकांच्या हाती कारभार गेला, तेव्हाही ही कुजबुज थांबली नव्हती. प्रत्येक टाकीखालच्या भागांची पाळी, ती चुकण्याचे कारण आणि नवी वेळ अशा तीन ओळी ठरलेल्या तासाला जाहीर झाल्या तर पाणी एका थेंबाने वाढणार नाही, पण ‘मुद्दाम केले’ हा संशय मरेल. चूक कबूल करणारा सूचनाफलक सचोटीच्या शपथेपेक्षा जास्त कामाचा.

भाषेचेही पाहावे. आपल्या शहरात तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी लाखभर तरी माणसे सहज असतील. राजभाषा मराठी आहे, कामकाज मराठीतच व्हावे. परंतु ‘प्रपत्र’, ‘साक्षांकित’, ‘वारसा ठराव’ हे शब्द मराठी शाळेत शिकलेल्यालाही अडतात, मग घरी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली आजीबाईंचे काय? खिडकीवर तेलुगू-कन्नड येणारा एक कर्मचारी बसवला आणि लागणाऱ्या कागदांची यादी त्या भाषांत लिहून लावली तर दलालाची गिऱ्हाइके त्याच दिवशी घटतील. त्यासाठी नवे पद लागत नाही. असे कर्मचारी सोलापुरात प्रत्येक कार्यालयात आहेत, फक्त आतल्या टेबलावर बसलेले आहेत.

एखाद्या अधिकाऱ्याला आमचे हे सगळे पटले तर त्याने काय करावे? जनता दरबार भरवू नये, निदान तेवढ्यावर थांबू नये. दरबारात ज्याचे काम होते तो साहेबांचे गुण गातो, पण त्याचे काम खालीच का अडले होते हे तसेच राहते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास काढून निकाली निघालेल्या दहा फायली हाताला येतील तशा उचलाव्यात. प्रलंबित फायली सगळेच बघतात. निकाली निघालेल्या फाईलमध्ये आवक तारीख आणि आदेशाची तारीख यांमधले अंतर दिसते, कोणत्या टेबलावर ती झोपली ते दिसते, आणि मागून आलेली पुढे गेली असेल तर तेही दिसते. रांग मोडलेल्या प्रत्येक फाईलवर कारण लिहिलेले हवे. दवाखाना, शिष्यवृत्तीची अखेरची तारीख अशी कारणे खरी असतात आणि ती लिहायला कोणी लाजत नाही. लिहिता न येण्याजोगे कारण असेल तर पुढची चौकशी कुठे करायची ते कळतेच. त्या दहांपैकी तीन अर्जदारांना फोन करून ‘किती फेऱ्या झाल्या?’ एवढेच विचारावे. पैशांचे विचारले तर माणूस घाबरून गप्प बसतो, फेऱ्यांचा आकडा मात्र लगेच सांगतो. आणि कार्यविवरण नोंदवहीचा (टेबलावर कोणता कागद कधी आला, कधी निघाला ते लिहायच्या वहीचा) महिन्याचा गोषवारा स्वतः बघून त्यावर सही करावी. बऱ्याच ठिकाणी हा गोषवारा तपासणीच्या आदल्या रात्री, एकाच शाईत, सहा महिन्यांचा एकदम लिहिला जातो. शाई एकच आहे हे ओळखायला काही फार मोठी नजर लागत नाही.

नागरिकांसाठी शेवटची एक उपयोगाची गोष्ट. माहितीच्या अधिकारात ‘माझ्या अर्जाचे काय झाले?’ असे विचारू नका, ‘कार्यवाही सुरू आहे’ असे उत्तर येते. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. म्हणून थेट मागा, ‘आवक क्र. अमुक, दि. अमुक या अर्जावरील टिपणीची आणि कार्यविवरण नोंदवहीतील नोंदीची प्रत.’ शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तेवढेही थांबायचे नसेल तर २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय व त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत अभिलेख पाहता येतात. जाताना आवक क्रमांक असलेली प्रत बरोबर न्यावी.

आपले,
काही निवृत्त शासकीय कर्मचारी, सोलापूर